नववीच्या वर्गातली आणीबाणी

मिलिंद बोकील यांची 'शाळा' कशाविषयी आहे असं कुणालाही विचारा, उत्तरात आधी शिरोडकर येते. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी ती, सुऱ्या-चित्रे-फावड्या हे दोस्त, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमधला त्यांचा अड्डा, आणि कोण कुणाला लाइन देतं याचे न संपणारे हिशेब. मौज प्रकाशन गृहाने २००४ साली ही कादंबरी काढली आणि ती हातोहात फिरली. पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकांनी ती 'आमच्या वेळची शाळा' म्हणून जवळ केली, कॉलेजातल्या मुलामुलींनी पहिल्या प्रेमाची गोष्ट म्हणून. २०१२ साली सुजय डहाके यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि शिरोडकरला चेहराही मिळाला. या सगळ्या कौतुकात एक गोष्ट मागे पडत गेली. ही कादंबरी आणीबाणीतल्या एका शालेय वर्षात घडते. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली आणि त्याच पावसाळ्यात ही मुलं नववीच्या बाकांवर बसली होती.

'आणीबाणीची पार्श्वभूमी असलेली किशोरवयीन प्रेमकथा' असं तिचं वर्णन सर्रास केलं जातं. ते मला मुळातच चुकीचं वाटतं. पार्श्वभूमी म्हणजे मागचा पडदा, तो बदलला तरी पुढचं नाटक तसंच चालतं. 'शाळा'मधून ते वर्ष काढून घेतलं तर प्रसंग तेच राहतील, पण त्यांचं वजन निघून जाईल. चौदा वर्षांच्या मुलाला सत्ता म्हणजे काय हे पहिल्यांदा कुठे कळतं, हा या कादंबरीतला खरा प्रश्न आहे. एरवी हा प्रश्न कुणी शाळेतल्या मुलाच्या संदर्भात विचारतही नाही. १९७५-७६ या वर्षात तो टाळता येत नाही, म्हणून ती त्या वर्षात घडते.

मराठीत बालपणाच्या लेखनाची परंपरा मोठी आहे, आणि त्या परंपरेने बालपण बहुतेक वेळा काळापासून जपून ठेवलं आहे. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बाहेर सविनय कायदेभंग चाललेला, लिहिणारा स्वतः राजकैदी, आणि पानांवर मात्र कोकणातलं घर, आईचे संस्कार, पत्रावळी, पोहायला घाबरणारा श्याम. तुरुंगाच्या भिंतींचा वासही त्या घराला लागत नाही. गुरुजींना ते घर शुद्ध ठेवायचं होतं, आणि त्यामागची तळमळ मी कमी लेखत नाही. पुढे प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या पुस्तकांतून लंपन आला. मुलाच्या नजरेची इतकी तल्लख मराठी क्वचितच लिहिली गेली असेल. पण लंपनचं गावही काळाच्या प्रवाहातून थोडं बाजूला काढून ठेवल्यासारखं आहे. तिथली माणसं, झाडं, रेल्वे, सुमी हे सगळं एका वर्तुळात पुरं होतं, आणि वर्तुळाबाहेर देशात काय चाललं आहे याची गरज त्या कथांना भासत नाही. बोकिलांनी हे वर्तुळ तोडलं. त्यांचा मुकुंद कोवळा आहे, पण सुरक्षित ठेवलेला नाही.

खळबळीचा काळ मुलापर्यंत पोहोचतो तरी कसा? इथेच बहुतेक लेखक घसरतात. मुलाच्या तोंडी मोठ्यांचं राजकीय भान घातलं जातं, किंवा सगळं कळून चुकलेला प्रौढ निवेदक मागे वळून प्रत्येक प्रसंगाला तळटीप जोडतो. जून १९७५ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती काय पडलं असेल याचा विचार करा. वर्तमानपत्रं येत होती, पण त्यांत काय नाही हे त्याला कसं कळणार? 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, पण कोरी जागा वाचायला आधी अग्रलेख वाचायची सवय लागते. जयप्रकाश नारायणांना अटक झाली, नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईला जसलोक रुग्णालयात आणलं गेलं. घरात यावर बोलणं होत असेल तर दबक्या आवाजात, आणि मुलगा खोलीत आला की विषय बदलून. भिंतींवर वीस कलमी कार्यक्रम, 'बातें कम, काम ज्यादा' अशा घोषणा. गाड्या वेळेवर धावतात असं मोठी माणसं समाधानाने सांगत असलेली. मुलाला काळ असा तुकड्यातुकड्यांनी मिळतो, आणि तुकडे जोडून दाखवणारं कुणी नसतं.

'शाळा'चं निवेदन हे तुकडे तुकडेच राहू देतं. मुकुंद जे पाहतो तेवढंच सांगतो, आणि जे कळलं नाही ते कळल्याचा आव आणत नाही. त्याच्या लेखी आणीबाणी ही शाळेच्या, घराच्या, गावाच्या कटकटींमधली आणखी एक. बोकिलांनी कुठेही तीस वर्षांनंतरचं शहाणपण त्याच्या कानात सांगितलेलं नाही. २००४ साली लिहिणाऱ्या लेखकाला आणीबाणीची चौकशी करणारा शहा आयोग ठाऊक होता, १९७७ चा निकाल ठाऊक होता, त्यानंतरचं सगळं राजकारण ठाऊक होतं. ते सगळं हातात असताना ते न वापरणं याला मी लेखकाचा संयम म्हणेन, आणि या कादंबरीचं सगळं बळ त्या संयमात आहे. चौदाव्या वर्षी माणूस आपला काळ अर्धवटच जगतो. अर्थ नंतर लागतो, कित्येकांना कधीच लागत नाही.

जॉइसची 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९१६ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कादंबरीतला स्टीफन डीडलस लहान असताना आयर्लंड पार्नेल या राष्ट्रवादी नेत्याच्या प्रश्नावर दुभंगलेलं आहे. पार्नेल १८९१ च्या ऑक्टोबरात गेला. त्यानंतरच्या नाताळच्या जेवणाच्या टेबलावर घरातली मोठी माणसं त्याच्यावरून कडाकडा भांडतात. स्टीफनला वाद कळत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की आपल्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं आहे. आणि मग जॉइस काय करतो? तो स्टीफनला परत शाळेत नेतो. चष्मा फुटल्यामुळे लिहायला सूट मिळालेल्या या मुलाला फादर डोलन कामचुकार ठरवतो आणि त्याच्या तळहातांवर पट्टी मारतो. अपराध नाही, सुनावणी नाही, शिक्षा आहे. मुलगा एकटाच लांबलचक मार्गिका ओलांडून रेक्टरकडे दाद मागायला जातो. पार्नेलचा वाद आणि ही पट्टी जॉइसने एकाच पहिल्या प्रकरणात ठेवली आहेत, आणि दोन्हींमधला संबंध तो सांगत नाही. देशातला अन्याय मुलाला टेबलावरच्या वादातून समजत नाही, तळहातावर समजतो. बोकिलांनी जॉइसवरून काही उचललं असं मला मुळीच सुचवायचं नाही. दोन वेगळ्या देशांतल्या दोन लेखकांना मुलाच्या राजकीय शिक्षणाची जागा एकच सापडली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता त्या वर्गात जरा थांबून पाहू. मुलांच्या बाकांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, मधली वाट ओलांडणं हीच बातमी. मुलीशी बोलायचं तर निमित्त लागतं. वहीचं, गृहपाठाचं, काही नाही तर वेळ किती झाली याचं. कोण कुणाकडे पाहतं याच्यावर सगळ्यांची नजर आहे, आणि ही पाळत ठेवायला शिक्षकांची गरजही नाही, मुलं एकमेकांवर ठेवतात. अफवा मधल्या सुट्टीत निघते आणि शाळा सुटेपर्यंत खरी होते. सुऱ्या धीर करून त्याला आवडणाऱ्या केवडाला विचारतो आणि प्रकरण मोठ्यांच्या हातात जातं. मग विचारपूस, मार, बदनामी. या सगळ्यात मुलाला आपली बाजू मांडायची कुठे सोय आहे? आणि मुलीला? तिच्या वाट्याला तर आणखी वेगळी शिक्षा येते: घरातून निघायच्या वेळा, जायच्या वाटा, कुणाबरोबर जायचं, सगळं इतरांनी ठरवायचं.

आणीबाणी आणि शाळा यांचं एकास एक रूपक करून टाकण्याचा मोह इथे होतो. मुख्याध्यापक म्हणजे अमुक, वर्ग म्हणजे देश, असं काहीसं. तो मोह आवरला पाहिजे, कारण कादंबरी असं कोडं घालत नाही. शाळा ही आणीबाणीआधीही अशीच होती आणि नंतरही राहिली. बोचणारी बाब नेमकी हीच आहे. वरून शिस्तीचा हुकूम आला तेव्हा तो आपल्या समाजाला परका वाटला नाही, कारण न विचारता गप्प बसणं, वरच्याने केलं म्हणजे काही कारण असेल असं मानणं, शेजाऱ्याच्या वागण्यावर लक्ष ठेवणं हे सगळं आपण दहा-बारा वर्षं बाकावर बसून शिकलेलो होतो. मुलांना मारणाऱ्या, पण त्यांच्याविषयी खरोखर कळकळ असणाऱ्या शिक्षकांना कादंबरी खलनायक करत नाही. ती माणसं चांगली आहेत. चांगली माणसं किती सहज ही व्यवस्था चालवतात ते पाहून मात्र वाचक अस्वस्थ होतो.

बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत, हे ध्यानात ठेवून 'शाळा' वाचली पाहिजे असं मला वाटतं. त्यांनी कातकऱ्यांवर लिहिलं, 'जनाचे अनुभव पुसतां' लिहिलं, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाची गोष्ट लिहिली. त्या गावाने आमच्या गावात आम्हीच सरकार असं ठरवून जंगलावरचा हक्क मिळवला आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायची रीत घालून घेतली. सत्ता माणसाच्या अगदी जवळ, त्याच्या रोजच्या वागण्यात कशी वसते, आणि ती तिथूनच कशी बदलता येते, हा त्या लेखकाचा जन्माचा विषय आहे. 'शाळा' या कामापासून वेगळी काढून गोड कादंबऱ्यांच्या कप्प्यात ठेवली की तिचं अर्धं अंग दिसेनासं होतं. बिल्डिंगमधला अड्डा मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. पुऱ्या न झालेल्या त्या इमारतीत कुणाचा अंमल नाही. तिथे चार मुलं आपापली मतं मांडतात, भांडतात, योजना आखतात, एकमेकांना सांभाळून घेतात. शाळेत आणि घरात जे बोलता येत नाही ते बोलायची गावातली ती एकच जागा. आणीबाणीच्या वर्षात सभेचा हक्क कुणी बजावत असेल तर ही पोरं बजावत होती.

या वाचनावर एक सरळ आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आणीबाणीत देशभर एक लाखाहून अधिक माणसं मिसा आणि तत्सम कायद्यांखाली तुरुंगात गेली. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कित्येक धाकाने आणि सक्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आलं नाही. असं असताना त्या काळावरची मराठीतली सगळ्यात जास्त वाचली गेलेली कादंबरी एका मध्यमवर्गीय मुलाच्या प्रेमात रमावी, हा त्या माणसांचा अपमान नाही का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण असं. तुरुंगातली आणीबाणी ज्यांनी भोगली त्यांची संख्या मोठी असली तरी देशाच्या मानाने ती मूठभर माणसं होती. बाकीच्यांनी आणीबाणी जगली ती अशीच: शाळा भरत होत्या, परीक्षा होत होत्या, लग्नं जमत होती, पोरं प्रेमात पडत होती. कऱ्हाडला १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. समोर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. दुर्गाबाई पुढे तुरुंगातही गेल्या. तो प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण दुर्गाबाई इतक्या उठून दिसतात त्याला कारण आजूबाजूची शांतता आहे, आणि त्या शांततेत आपली घरंही होती. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत माणसं जागेवर सापडतात, संप नाहीत, हे म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती. ती आपलीच काका-मामा मंडळी होती. त्या संमतीचा दस्तऐवज मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडतो, कारण नंतर सगळेच आपण विरोधात होतो असं सांगू लागले. 'शाळा'त तो सापडतो. आयुष्य किती सुरळीत चालू होतं हे ती न लपवता दाखवते, आणि ते वाचताना १९७५ नंतर जन्मलेल्या वाचकालाही स्वतःला विचारावं लागतं की आपल्या भोवती आज काय सुरळीत चालू आहे. सरकारने २०२४ मध्ये २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला. अशा दिवसांना दोषी कोण ते आधीच ठरलेलं असतं आणि पाळणारा त्यातून सुटतो. कादंबरी तशी सूट कुणालाच देत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. मुकुंदला जे दिसत नाही ते कादंबरीलाही पुरेसं दिसत नाही, अशा जागा आहेत. शिरोडकरचं मन आपल्याला तिच्या बोलण्यातून आणि नजरेतून जेवढं मिळतं तेवढंच. ती गाव सोडून जाते तेव्हा मुकुंदचं दुःख आपलं होतं, तिचं काय झालं असेल याकडे वळायला कादंबरीला वाव नाही. निवेदन मुलाचं आहे म्हणून हे ओघानेच आलं, हे खरं. तरीही त्या वर्षाची गोष्ट एखाद्या केवडाने सांगितली असती तर पाळत, अफवा आणि शिक्षा यांची किती वेगळी बाजू समोर आली असती, हा विचार मला सोडत नाही. ती कादंबरी मराठीत अजून कुणी लिहिलेली मला माहीत नाही, आणि ती लिहिली जावी असं मनापासून वाटतं.

नववी या इयत्तेविषयी तर वेगळं बोललं पाहिजे. शाळेचा दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. महाराष्ट्रात दहावीची शालान्त परीक्षा १९७५ पासून आली, अकरावीची मॅट्रिक गेली, आणि ही चाळण एक इयत्ता अलीकडे सरकली. वर्षभर एका बाकावर बसलेल्या, एका अड्ड्यावर जीव टाकणाऱ्या चार पोरांना निकालाचा एक कागद वेगवेगळं करतो. फावड्याचं घर जोशाच्या घरासारखं नाही, आणि घराघरांतला हा फरक वर्षभर मैत्रीने झाकलेला असतो. नापास हा शिक्का गुणपत्रिकेवर उमटतो, पण तो कुणाच्या घरी काय घडवतो आणि कुणाच्या घरी नुसता ओरडा देऊन जातो हे आधीच ठरलेलं असतं. कादंबरीचा शेवट वाचताना डोळे भरून येतात ते फक्त शिरोडकरसाठी नाही. अड्डा मोडतो म्हणून येतात, आणि तो मोडायला कुणा हुकूमशहाची गरज पडत नाही म्हणून.

चित्रपटाने या शेवटातली हुरहुर सुंदर टिपली, पण पडद्यावरच्या निसर्गाने आणि कोवळ्या चेहऱ्यांनी सगळ्यावर स्मरणाची एक साय धरली. पुस्तकाचं वाचनही हळूहळू त्या सायीखाली गेलं. शाळेच्या आठवणींचे मेळावे भरतात तिथे 'शाळा'चं नाव निघतं आणि सगळे हसऱ्या चेहऱ्याने त्या दिवसांना किती निरागस होते म्हणतात. पुस्तक पुन्हा उघडा. त्यात मार आहे, भीती आहे, चुगल्या आहेत, मोठ्यांचं खोटं बोलणं आहे, मुलींविषयी मुलांचं वाह्यात बोलणंही आहे. नरूमामासारखा मोकळेपणाने बोलणारा एखादा मोठा माणूस मुलाला भेटला तर त्याचं किती अप्रूप वाटतं, यावरूनच बाकीच्या मोठ्यांची गत कळते. निरागस हा शब्द त्या दिवसांना आपण नंतर चिकटवला.

कादंबरी संपते तेव्हा मुकुंद दहावीत जातो. आणीबाणी तेव्हा संपलेली नाही. मार्च १९७७ च्या निवडणुका, २१ मार्चला आणीबाणी उठणं, इंदिरा गांधींचा स्वतःच्या मतदारसंघातला पराभव, हे सगळं पुढच्या शालेय वर्षाच्या शेवटी, दहावीच्या परीक्षेच्या मोसमात घडणार आहे. बोकील तिथपर्यंत थांबत नाहीत. थांबले असते तर वाचकाला सुटकेचा श्वास टाकता आला असता, मुकुंदचं वैयक्तिक नुकसान देशाच्या विजयात बुडून गेलं असतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही, आणि हिशेब त्यामुळे खरा राहिला. १९७५ मध्ये चौदा वर्षांच्या असलेल्या मुलामुलींना १९७७ मध्ये मत नव्हतं. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं, ते अठरावर आलं १९८९ मध्ये. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या तेव्हाही ही मुलं अजून एकवीसची झाली नव्हती. लोकसभेसाठी पहिलं मत त्यांनी दिलं ते डिसेंबर १९८४ मध्ये, आणि तोवर ती निवडणूक एका पूर्ण वेगळ्या दुःखावर लढवली जात होती. आणीबाणीवर कौल द्यायची वेळ या पिढीवर कधी आलीच नाही. ज्यांनी ती बाकावर बसून काढली, त्यांना विचारायला कुणी आलं नाही, आणि तीस वर्षांनी बोकिलांनी विचारलं तेव्हा उत्तरादाखल त्यांनी एवढंच सांगितलं की त्या वर्षी आम्ही नववीत होतो, आणि आमच्या वर्गात हे हे झालं.